पडद्याकडे पाठ

तालुक्याच्या टॉकीजात एक माणूस होता. पिक्चर सुरू झाला की तो पडद्याकडे पाठ करून बसायचा. पडद्याच्या खाली, बाजूच्या दाराला लागून त्याचं लोखंडी स्टूल होतं. त्यावर बसून तो आमच्याकडे पाहायचा. आम्ही पिक्चर पाहायचो, तो आम्हाला पाहायचा.

नोकरीनं तो गेटकीपर. तिकीट फाडायचं, टॉर्च मारून जागा दाखवायची, शो सुटला की दारं उघडायची. त्याच्याआधी त्याचं सायकलचं दुकान होतं म्हणे, ते मी पाहिलेलं नाही. सारे त्याला चाचा म्हणायचे. लहान पोरंही चाचा अन् माझ्यासारखे बुढेही चाचा. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात एक बिनबाह्याचं स्वेटर अन् काखेत टॉर्च. टॉर्च टॉकीजची नव्हती, त्याची स्वतःची होती. मालकाची टॉर्च उजेड जास्त देते, पब्लिक दचकते, असं त्याचं म्हणणं.

मी शिकलेला कमी. चौथीनंतर ढोरामागं गेलो ते गेलोच. लिहायला बसलो तर अक्षरं वाकडी पडतात. पण ह्या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून लिहितो.

एकदा मी त्याला विचारलं, "चाचा, फुकटात पिक्चर हाय, अन् तुमी पाठ करून बसता. काहून?"

तो म्हणाला, "भाऊ, पडद्यावर का हाय? कपडा हाय. पिक्चर तं इकडे चालू राहते." अन् त्यानं हात खुर्च्यांकडे फिरवला.

शुक्रवारी नवा पिक्चर लागला की गावातली माणसं त्याला गाठायची. बायकापोरांना घेऊन यायचं का नाही, हे त्याच्या मतावर ठरायचं. बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर तो दुपारी उभा राहायचा अन् लोक विचारायचे, "चाचा, कसा हाय?" तो हिरो कोण, गाणी कशी, हे कधी सांगायचा नाही. त्याला ते माहीतच नसायचं. तो म्हणायचा, "खुर्च्या लय वाजल्या." म्हणजे पिक्चर पडेल, लोक चुळबुळ करून राहिले. नाहीतर म्हणायचा, "एकाही बाईनं पोराले मुतायले नेलं नाही." म्हणजे पिक्चर जोरदार. घरच्या लोकांसोबत पाहायजोगा आहे का, हे सांगायची त्याची एक खूण होती. तो म्हणायचा, "बाप लेकीच्या बाजूले बसला होता अन् बापानं वर छताकडे नाही पाह्यलं." एवढं झालं की लोक बिनधास्त सुना-लेकींना घेऊन जायचे.

पण गोष्ट सांगायला गेला की चाचाचा पार भोपळा फुटायचा. तोंडं पाहून तो गोष्ट जुळवायचा ना! एका पिक्चरमध्ये साऱ्या बायका हमसून हमसून रडल्या. चाचानं टपरीवर जाहीर करून टाकलं की हिरोची माय मेली, फार वाईट झालं. दोन दिवस लोक हळहळले. मग न्हाव्यानं पिक्चर पाहिला अन् आल्या आल्या ओरडला, "चाचा, माय कुठं मेली? पोरीचं लगन झालं! सासरी निघाली थे!"

चाचा जराही शरमला नाही. म्हणाला, "रडनं तं तेवढंच होतं ना? मंग फरक का हाय?"

न्हावी म्हणाला, "अजी, एक मेली अन् एक सासरी गेली! फरक नाही?"

"तुह्या माईले विचार," चाचा म्हणाला. "थे सांगन तुले."

टपरीवरचे हसून हसून लोळले. तरी पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्यालाच विचारायला आले.

त्याच्या दारापाशी मातीचा एक माठ असायचा. शो सुटला की तो दारात उभा राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा गिलास पुढं करायचा. घ्या, प्या. तहान असो नसो. मला वाटायचं, पुण्य कमवून राहिला. एकदा मी म्हटलं, "नाही लागली तहान." त्यानं जवळ येऊन हळूच सांगितलं, "घ्या ना भाऊ. रडनाऱ्याइलेच पानी देल्लं तं लोकाइले समजते कोन रडलं. म्हून साऱ्याइले देतो."

हे माझ्या फार दिवस लक्षात राहिलं नव्हतं. आता राहते.

अन् त्याचा एक नेम होता. अंधारात कोणाचं तोंड कसं झालं होतं, हे तो कोणाला सांगायचा नाही. गावात एक मोठा कापसाचा व्यापारी होता. त्याची सून माहेरच्या बायकांसोबत पिक्चरला आली होती. पिक्चरमध्ये सासरा सुनेला छळतो असं काही होतं. दुसऱ्या दिवशी व्यापारी स्वतः गाडीतून उतरून टॉकीजवर आला. चाचाला म्हणाला, "माही सून रडली का? कुठं रडली तेवढं सांग." चाचानं सांगितलं नाही. व्यापारी मालकाकडे गेला. मालकानं चाचाला घरी बसवलं. सारा पोळ्याचा महिना तो घरी बसला, पण सांगितलं नाही. मालकालाच मग बोलवावं लागलं, कारण चाचा नसताना बायका पिक्चरला येईनाशा झाल्या. चाचा म्हणायचा, "अंधारात मानूस जे तोंड करते, थे त्याचं सोताचं असते. बाहेर आनलं तं चोरी झाली." ही गोष्ट मी त्याच्या तोंडून ऐकली होती अन् वाह वाह केली होती. मला काय माहीत की एक दिवस हाच नेम माझ्या आडवा येईल.

त्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत टॉकीजला एक साधा पिक्चर लागला. लहान गावातला. एक पोरगी असते, बापासोबत पिठाची गिरणी चालवते. अन् ढोरांच्या दवाखान्यात नवीन आलेला एक पोट्टा असतो. तो रोज पायलीभर जवारी घेऊन गिरणीत येतो. एकटा माणूस, त्याला एवढं पीठ कायले लागते? पण येतो. बस, एवढाच पिक्चर. मारामारी नाही, दारू नाही, पावसात भिजणं नाही.

त्याच्यावर गावात मतं फुटली. न्हावी म्हणे, "हिरोनं एकालेही झापड मारली नाही. कायचा हिरो थो?" मास्तर म्हणे, असे पिक्चर निघाले पाहिजे, घरच्यांसमोर मान खाली घालायची पाळी नाही. कॉलेजचे पोट्टे म्हणत, "अख्ख्या पिक्चरमंदी एकडाव हात धरला, तोही पिठाचा डब्बा देतानी." टपरीवाल्याची माय पाहून आली अन् तिनं सगळ्यात मोठा सवाल टाकला, "पोट्टा कोनाचा होता थे सांगतलंच नाही व. जात नाही, गाव नाही. अशी पोरगी देत असतात का कोनी?" चाचाचं मत एकच होतं, "खुर्च्या नाही वाजल्या. पन लोकंच कमी हाय तं खुर्च्या वाजतीन कोन्या?"

माझ्या बायकोनं तो पिक्चर पाहिला. एकटीनं. तिला त्या दिवसांत दम लागायचा. डॉक्टरकडे दाखवायला तालुक्याला गेली होती. डॉक्टर चारच्या आधी बसणार नाही म्हणाले. तर ही बाई बाराच्या शोला जाऊन बसली. माझं वावर बोरी अरबच्या रस्त्यावर. मी तिथं वेचणीवर होतो. सांजच्याला ती घरी आली, पदर खोचला, चूल पेटवली अन् म्हणाली, "आज मी पिक्चर पाह्यला."

मी म्हटलं, "बिमार मानूस तू. कायचा पिक्चर?"

"गिरनीचा. थे पाठ करून बसनारे चाचा हाय ना, त्याहिनं पानी देल्लं मले. भला मानूस हाय."

"मंग? जमलं का त्या पोट्ट्याचं अन् पोरीचं?"

"नाही," ती म्हणाली. "थो गेला."

मी म्हटलं, "मंग पैसे वाया गेले," अन् जेवायला बसलो.

होळीच्या आधी ती गेली. रात्री नाही, दवाखान्यात नाही, सकाळी अंगणात. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

ती गेल्यावर घरात सारं जिथल्या तिथं होतं अन् काहीच नव्हतं. लेक नागपूरला, सून तिकडेच. लोक सांत्वनाला यायचे, म्हणायचे चांगलं मरण आलं, सवाष्ण गेली. मी म्हणायचो, हाव. पण मला एक गोष्ट खाऊन राहिली होती. एवढी वर्षं एका घरात काढली, तिच्या तोंडाकडे मी कितीदा पाहिलं असेल? भाकरी थापताना पाठमोरी, वावरात पाठमोरी, मागं मागं चालायची म्हणून रस्त्यानं दिसायचीच नाही. ती एकटी खुशीत बसली की कशी दिसायची, हे मला माहीत नव्हतं. अन् जगात एक माणूस होता ज्यानं ते पाहिलं होतं. अंधारात, पडद्याच्या उजेडात, समोर बसून.

उन्हाळ्यात मी तालुक्याला गेलो अन् टॉकीजच्या पायरीवर चाचाला गाठलं. बायको गेल्याचं सांगितलं. तो कोणती ती विचारू लागला. मी सांगितलं, गिरणीच्या पिक्चरला एकटी आली होती, हिरवं लुगडं, तुम्ही पाणी दिलं होतं. त्यानं डोळे मिटले.

"तिसऱ्या लाइनीत, कोपऱ्यात," तो म्हणाला. "दम लागे त्याहिले."

"हाव, थेच."

"अल्ला... भल्ली चांगली पब्लिक होती, भाऊ." त्याच्याकडून याहून मोठी तारीफ मी कधी ऐकली नव्हती.

मी म्हटलं, "चाचा, थे कुठं हासली, कुठं रडली, तेवढं सांगा मले."

त्यानं मान हलवली. "थे नाही सांगत मी."

"अजी, मी तिचा नवरा हाव!"

"थो व्यापारी बी सासरा होता."

"थो तिले त्रास द्याले विचारत होता. मी..."

"तुमी कायले विचारता थे मले समजते," तो म्हणाला. "पन त्याहिले विचारता येत नाही ना आता, सांगू का नाही म्हून."

मला राग आला. मी तोंडावर बोलणारा माणूस. म्हटलं, "तुमचा नेम घाला चुलीत! कपड्याकडे पाठ करून बसनारा येडा बुढा तुमी, अन् मले शिकवता?" अन् उठून चालता झालो.  त्यानं पाण्याचा गिलास तेवढा पुढं केला होता, तो मी घेतला नाही.

त्यानंतर पावसाळा गेला, सोयाबीन निघालं, कापूस फुटला. एक दिवस टपरीवाला बोरीच्या बाजारात दिसला. म्हणाला, "चाचा येडा झाला बापा. मालकाच्या मागं लागला हाय, गिरनीचा पिक्चर पुन्हा लावा म्हून. मालक म्हनते, कोन येते पाहाले? तं बाजारात फिरून बायकाइले सांगून राह्यला, संक्रांतीच्या हप्त्यात या, वान घेऊन या, घरचा पिक्चर हाय, एकाही बाईले डोये झाका लागनार नाही. आजवर कोनाले पिक्चर पाहाले या म्हनला नाही थो."

मला समजलं. पण मी गेलो नाही. मीही हट्टी. मग संक्रांतीच्या आधी चाचाच बसनं माझ्या गावाला आला. तसाच, बिनबाह्याच्या स्वेटरमध्ये. ओट्यावर बसला, मी चहा केला, त्यानं पिला.

"सोमवारी बाराच्या शोले या," तो म्हणाला. "तोंडानं सांगाचा नाही, हा नेम हाय. टॉर्चनं दाखवाचा नाही, असा कोनता नेम नाही."

"म्हनजे?"

"तुमी त्याहिच्या जागेवर बसा. थे जिथं हासल्या तिथं मी तुमच्या पायावर एकडाव टॉर्च मारीन. जिथं डोये भरले, तिथं धरून ठेवीन. कोनाले समजनार नाही. तुमच्या अन् त्याहिच्या दोघाइच्या मंधातली गोठ राहीन."

मी त्याच्या कपात अजून चहा ओतला. 

सोमवारी बायकाच बायका. हळदीकुंकवाच्या साड्या, तिळगुळाचे डबे, कडेवर पोरं. तिसऱ्या रांगेच्या कोपऱ्यात मी जाऊन बसलो तशी एक जाडी बाई खेकसली, "आबा, हे बायकाइची बाजू हाय! इकडे कुठं बसता?" दुसरी म्हणाली, "डोये गेले वाटते बुढ्याचे." सगळ्या हसल्या. चाचा टॉर्च घेऊन आला अन् म्हणाला, "राहू द्या व बाई. थे सीट त्याहिच्या घरची हाय." त्या सरकून बसल्या. एकीनं तर मला तिळगूळही दिला.

पिक्चर सुरू झाला. चाचा स्टुलावर बसला, पडद्याकडे पाठ, माझ्याकडे तोंड.

पहिल्यांदा टॉर्च कुठं लागली सांगू? पोट्टा गिरणीच्या पट्ट्यात अडकून पिठात पडतो, साऱ्या बायका खदखदल्या, तिथं नाही. त्याच्यानंतर पोरीचा बाप जेवायला बसतो. बायको विचारते, भाजी कशी झाली? तो मान वर न करता म्हणतो, "चालते." माझ्या पायावर उजेड पडला अन् गेला.

 तो मीच होतो ना. जन्मभर तिनं विचारलं अन् जन्मभर मी "चालते" म्हटलं. ती तिथं हसली होती. रागावली नव्हती. हसली होती.

मग एक बकरी ओरडत गिरणीत शिरते. त्यात हसण्यासारखं काही नाही. टॉर्च लागली. ती बकरीला काहून हसली, हे मला अजूनही समजलं नाही. कोणाला विचारणार?

मग एका ठिकाणी पोरीची माय म्हणते, "तुमी खा, मी मघाशीच जेवली." बाकी बायका तिळगूळ खाऊन राहिल्या होत्या, कोणाचं लक्षही नव्हतं. चाचानं टॉर्च माझ्या पायावर धरली अन् धरूनच ठेवली. सीन बदलला तरी धरली होती. माझ्या धुळीच्या पायांवर तो पिवळा उजेड, अन् मी पडदा सोडून माझ्या पायांकडेच पाहत बसलो. मी जेवायला बसलो की तीही हेच म्हणायची. मी कधी भाकरीच्या टोपलीत डोकावून पाहिलं नाही.

इंटरवलनंतर टॉर्च एकदा लागली, एका गाण्यात. मग लागलीच नाही. मी वाट पाहत राहिलो. पोट्ट्याची बदली होते. बसस्टँडवर येतो. पोरगी पिठाच्या हातानं धावत येते. बस निघून जाते. पोरगी रस्त्यात उभी, तोंडातून शब्द नाही, नुसता बाजा वाजते. समोरच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. मी म्हटलं, आता संपला, ती म्हणाली होती तसंच. थो गेला.

पण बसची धूळ खाली बसते, तर तो पोट्टा रस्त्याच्या पलीकडे उभा. बॅग घेऊन. बसमध्ये चढलाच नव्हता. कोणी काही बोलत नाही. अन् मग गिरणीचं इंजिन पुक पुक पुक चालू होते, दोघं मिळून दाणे टाकून राहिले आहेत. खलास.

मी खुर्चीला धरून उभा राहिलो. बायका पाणी पिऊन पिऊन बाहेर गेल्या. चाचा माठापाशी होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"चाचा, शेवटी टॉर्च नाही मारली."

"शेवटाले त्या सीटवर नव्हत्या," तो म्हणाला. "दम लागला म्हून बाहेर येऊन ह्या पायरीवर बसल्या. मी पानी देल्लं. मंग मले म्हने, भाऊ, अंदर का झालं पाहा ना. मी दारातून पाह्यलं."

"पडद्याकडे?"

"पडद्याकडे कायले? समोर नर्सिंगच्या पोरी बसल्या होत्या, एकमेकीच्या गळ्यात पडून रडून राह्यल्या होत्या. मी सांगतलं, पोट्टा गेला भाभी. बसचा आवाज तं त्याहिनंही आयकला होता." तो थांबला. "मंग गिरनी चालू झाल्याचा आवाज आला. विचारे, हे का व्हय? मी म्हटलं, पोरीनं गिरनी चालू केली."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. म्हटलं, "चाचा, पोट्टा गेला नाही."

"आं?"

"बसमंदी चढलाच नाही थो. भेटले दोघं. पोरी खुशीनं रडून राह्यल्या होत्या."

त्याच्या हातातला गिलास तसाच राहिला. शुक्रवारपासून पिक्चर चालू होता, गेल्या वर्षीही चालला, अन् ह्या माणसाला शेवट माहीत नव्हता. तो खाली बसला. पायरीवर.

"या अल्ला," तो म्हणाला. "मी त्याहिले चुकीचं सांगतलं. मरनाऱ्या मानसाले चुकीचं सांगतलं, भाऊ. जराशी मान फिरवली असती तं..." अन् तो माणूस रडायला लागला. त्याला पाणी द्यायला कोणी नव्हतं, म्हणून मी दिलं.

मग मी त्याच्या बाजूला बसलो अन् त्याला ते सांगितलं, जे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. लेकालाही नाही. पिक्चर पाहून आल्यावर दोन-चार दिवसांनी ती वावरात माझ्यासाठी डबा घेऊन आली होती. मी जेवत होतो, ती वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून दम खात होती. मध्येच म्हणाली, "आवो, थो पोट्टा गेला ना, तरी त्या पोरीनं गिरनी बंद नाही ठेवली. दुसऱ्याच घडीले चालू केली. मले लय आवडलं."

मी म्हटलं, "त्यात का हाय आवडासारखं?"

"मी गेली तं तुमीही चूल बंद नका ठेवू. हाटेलातलं खाऊन राहू नका. गिरनीतून जवारी दयून आनाची, भाकर टाकाची. येत नाही तं जाडी टाका, पन टाका."

मी तिला झापलं, अशुभ बोलते म्हणून. ती हसली. ती कशी हसली ते मी पाहिलं नाही, मी खाली डब्यात पाहून जेवत होतो. पण तिचं ते बोलणं राहिलं. ती गेल्याच्या दिवसापासून मी रोज चूल पेटवतो. भाकर जाड होते, एका बाजूनं कच्ची राहते. पण टाकतो. कोणी जेवायला बोलावलं तरी सकाळची एक टाकतोच.

चाचा ऐकत होता. मी म्हटलं, "तुमी बरोबर सांगतलं असतं, तं थे घरी येऊन म्हनली असती, भेटले दोघं, चांगला होता पिक्चर. अन् बस. हे मले कोनं सांगतलं असतं?"

त्यानं स्वेटरच्या टोकानं तोंड पुसलं. मग विचारलं, "मंग आता मी पाहू का नाही शेवट? तीनचा शो हाय. म्हना तं एकडाव पाहून घेतो."

"तुमची मर्जी."

तीनच्या शोला मी दारात उभा राहून पाहिलं. बसचा आवाज आला, बाजा वाजला, बायका रडल्या. चाचा स्टुलावर होता. त्याची मान थोडी हलली. मग तशीच राहिली, आमच्याकडे. पडद्याकडे पाठ.

पुढच्या वर्षी टॉकीज बंद पडलं. तिथं आता लग्नाचा हॉल होणार म्हणतात. चाचा पुसदला लेकीकडे गेला. ह्या पावसाळ्यात तिकडेच वारला, हे मला टपरीवाल्यानं सांगितलं. मातीला जाता आलं नाही. बातमीच उशिरा आली.

तो पिक्चर आता पोरांच्या मोबाइलमध्येही आहे. नातवंडं सुट्टीत आली होती, दोन दिवस पुन्हा पुन्हा तोच लावून बसली होती. नात म्हणाली, "आबा, तुम्ही पाहिला ना हा टॉकीजमध्ये? कसा वाटला?"

मी म्हटलं, "चांगला हाय. पोट्टा बसमंदी बसून जाते, पन पोरगी गिरनी बंद ठेवत नाही."

ती म्हणाली, "अहो आबा, तो जात नाही! तुम्हाला समजलाच नाही पिक्चर."

नसेल समजला. मला कोणीही विचारलं तर मी असाच सांगतो.